सीतालक्ष्मीचं इंजिन

—नाही गं ऊर्मी, माझी नव्हे, मुलाखत तिचीच घ्यायचीय तुला, माहीत आहे मला. मंडळाच्या अंकात फोटो आमच्या हिचा, सीतालक्ष्मीचाच येणार. यावा. ती मांबलमच्या बाजारात गेलीय, येईलच एवढ्यात — तोवर बस. ते मागचं इंजिन बघितलंस? तंजावरकडच्या भाताच्या गिरणीतलं, एकोणीसशे चौतीसचं. आणलं कुणी? मी. आवडी गावच्या रणगाड्यांच्या कारखान्यात तेहतीस वर्षं फिटर होतो, दोन हजार तीनला रिटायर झालो आणि हा नाद लागला. दोन वर्षं गंज खरवडला, बेअरिंगं नवी केली, पिस्टनच्या रिंगा बसवल्या — पण चालू होईना. हँडल मारून मारून खांदा गेला. ही पायरीवर भाजी निवडत बसायची आणि म्हणायची, "श्वास अडकतोय त्याचा." हिच्या वडिलांची गिरणी होती ना, त्या आवाजात वाढलेली. मी हसायचो. म्हणायचो, तू सांबार बघ.

मग एकदा स्प्रिंग करून घ्यायला इरुंगाट्टुकोट्टैच्या एका वर्कशॉपात गेलो. परत येतो तर गल्लीच्या तोंडाशीच ठक्-ठक् ऐकू आलं. चालू. ही शेजारी उभी, पदर खोचलेला, हात काळे, आणि चेहरा — तीस वर्षांच्या संसारात असा चेहरा मी पाहिला नव्हता. वॉल्व्ह अडकत होता म्हणाली, रॉकेलने धुतला. मी बरं म्हटलं आणि जेवलो नाही. पित्त झालंय म्हणून सांगितलं.

त्यानंतर जो येईल तो तिलाच विचारायचा. अड्यारला जुन्या यंत्रांचं प्रदर्शन भरलं, तर आमंत्रण तिच्या नावाने — इंजिन माझं आणि पत्र तिला. बरं वाटेल कुणाला? त्या सकाळी मी मॅग्नेटोच्या पॉइंटमध्ये बसच्या तिकिटाचा कपटा सरकवला. ठिणगी पडू नये म्हणून. हो, मीच. शंभर माणसांसमोर तिने चार वेळा हँडल मारलं — काही नाही. मी मागे उभा होतो, आणि खरं सांगतो, जिवाला गार वाटलं. मग तिने झाकण उघडलं, कपटा काढला, निरखून पाहिला, कमरेला खोचला. कुणीतरी विचारलं, काय होतं. "कचरा," म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुढच्याच हँडलला इंजिन चालू.

वर्ष झालं. त्या कपट्याबद्दल एका शब्दाने बोलली नाही. आणि मी विचारतोय थोडाच?

लिहितेस काय? खोड ते. फाटक वाजलं, आलीच ती. सगळे प्रश्न तिला विचार — फक्त नवऱ्याची साथ कशी होती, तेवढं विचारू नकोस. मी दूध घेऊन येतो.