अंबीचं नवं धनुष्य

म्हाळसाबाई : धनुष्य आपसूक मोडलं नाय चाचा, मीच मोडायजोगं केलं. अंबी शाळेला गेली की काचंच्या तुकड्यानं रोज थोडं थोडं खरवडायची मी. ओढायला हलकं व्हावं म्हणून.

कमरोद्दीन : कुठल्या अंगानं खरवडलंस?

म्हाळसाबाई : बाहेरच्या. आतल्या अंगाला तुम्ही तिचं नाव कोरलंय ना. नावावर काच कशी फिरवू?

कमरोद्दीन : तिथंच घात झाला, बाई. ओढताना सगळा ताण बाहेरच्या अंगावर येतो. तिथली धाग्याची एक रेघ तुटली की लाकूड गेलं. माझ्याकडं आणायचं होतं.

म्हाळसाबाई : हलकं करायला दोनदा आणलं. तिसऱ्यांदा तुम्हीच म्हणला, आता बेटीला खरं सांगून टाक.

कमरोद्दीन : आजही तेच म्हणतो. डॉक्टर काय म्हणाले?

म्हाळसाबाई : नवं काय म्हणणार. बाभळीची शेंग वाळावी तसं दंड वाळत चाललेत. आता खांद्याला आलंय. अन् काल धनुष्य कडाड मोडलं, तर पोर हसली. म्हणली, माय, बघ, ताकद आली, धनुष्याला सोसंना. दारात बसून बजाजनगरातल्या येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगत व्हती. आता म्हणती, शिसवीचं पायजे. जाड. मोठ्या पोरींचं असतंय तसलं.

कमरोद्दीन : शिसवीचं नुसतं धरलं तरी तिचा हात खाली येईल.

म्हाळसाबाई : मग मोडलं तसंच, धामणीच्या लाकडाचं?

कमरोद्दीन : धामण चिवट. खरवडलं नाही तर मोडणार नाही, पण तिला ओढवणारही नाही. आता हलका बांबूच राहिला.

म्हाळसाबाई : बांबू बघितला की तिला कळंल, चाचा. शेरडं हाकायची काठी दिसंल ती.

कमरोद्दीन : बांबूच लांब करतो. धनुष्य जितकं लांब, तितकी ओढ हलकी. वरून काळा रंग देतो, शिसवीसारखा. डोक्याच्या वर गेलं की तिला वाटेल, मोठ्यांचं मिळालं.

म्हाळसाबाई : लई उपकार व्हतील.

कमरोद्दीन : उपकार कसले. चाळीस वर्षांत लाकडाबद्दल खोटं बोललो नव्हतो, ते आता बोलणार. उंची सांग तिची, टाचेपासून.

म्हाळसाबाई : उभं राहून नाय मारत ती आता. दिवाळीपासनं खुर्चीवर बसूनच.

कमरोद्दीन : मग खालची बाजू आखूड ठेवतो. जमिनीला टेकायला नको.