पांढरा मुकुट

चाल्माच्या देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर एर्मेलिंदा फुलांचे मुकुट विकायची. रंगीत मुकुट यात्रेकरूंना, आणि लहान पांढरे देवाघरी गेलेल्या लेकरांसाठी. हात फुलांत होते, कान मात्र समोरच्या दोघी बहिणींकडे लागले होते.

"किती वर्षांनी गं आपण दोघी अशा बाहेर पडलो, ताई!"

"अकरा. माझ्या लालोला झटके सुरू झाले, तेव्हापासून."

"क्रेसेन्सियाकाकूंनी त्याला ठेवून घेतलं, फार बरं झालं."

"त्यांच्याकडे नाही ठेवला. खोलीला कुलूप घालून आलेय."

"आणि किल्ली?"

"ही काय, गळ्यात."

"अगं, घरी पोचायला परवा उजाडेल! पोराला पाणी कोण देणार? चल, आत्ताच्या आत्ता मागे फिर."

"वेडी का तू, रेमे? या वाटेवरून मागे फिरलेल्याचा दगड होतो. आई सांगायची, विसरलीस?"

"होऊ दे माझा दगड! आण ती किल्ली इकडे."

"घे बाई. पण धावत जाऊ नकोस. आता घाई नाही."

"घाई नाही म्हणजे? ताई, माझ्याकडे बघ. त्याचं औषध दिलंस ना?"

"दिलं की."

"रोजच्याइतकंच ना?"

"बाटलीत होतं तेवढं. शहाण्यासारखं प्यायला गं, एकदाही थुंकला नाही."

"ताई..."

"अहो फुलवाल्या बाई, दोन रंगीत द्या. आणि तो लहान पांढरा."