चाळिशीच्या आत

करुणा : जीप कुठाय? तू तर मोटारसायकलवर आलास. आबांचं गाठोडं बांधून ठेवलंय मी.

सुमित : हा केक घे आधी. बारामतीहून आणलाय, खास तुझ्यासाठी. परवा माझी शिफ्ट आहे ना ताई, म्हणून आज आलो.

करुणा : सुमित, जीप कुठाय?

सुमित : आबांना आज नाही नेता येणार.

करुणा : उद्या मला सोलापूरच्या वसतिगृहात नोकरीवर हजर व्हायचंय. परवा चाळीस पूर्ण. त्यानंतर ती संस्था घेत नाही, हे तुला कधीच सांगितलं होतं. तू हो म्हणालास.

सुमित : म्हणालो. तेव्हा मोनालीचं ठीक होतं. आता डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय, तिची आई येऊन राहिलीय. दोनच खोल्या. वर दुसरा मजला, जिन्याला कठडा नाही. आबांना दिसत नाही. मी रात्रपाळीला गेल्यावर त्यांना कोण बघणार?

करुणा : इथं कोण बघतं?

सुमित : इथं तू आहेस.

करुणा : हं.

सुमित : तसं नव्हतं म्हणायचं मला. बाळंतपण होऊ दे. दिवाळीनंतर नक्की नेतो.

करुणा : दिवाळीनंतर वसतिगृहात दुसरी कुणी अधीक्षिका असेल. आधी तुझा डिप्लोमा होऊ दे, मग नोकरी लागू दे, मग लग्न होऊ दे. प्रत्येक वेळी मी हो म्हणाले, कारण तू खोटं बोलत नव्हतास. आताही बोलत नाहीस, हे कळतंय मला. त्याचाच राग येतोय.

सुमित : अंगणवाडीची नोकरी आहेच की तुझी. गावात मान आहे.

करुणा : तिशीच्या वाढदिवसालाही मी ठरवलं होतं. बी.ए. करायचं, आणि बुद्धघोष गुरुजींना होकार द्यायचा. त्याच महिन्यात आईचं अंग लुळं पडलं. बी.ए. बाहेरून केलं, आई जाईपर्यंत तिला भरवता भरवता. गुरुजी दोन वर्षं थांबले. आता भिगवणला त्यांची मुलगी शाळेत जाते.

सुमित : ते मला माहीत नव्हतं.

करुणा : तू शिकायला बाहेर होतास. कोण सांगणार? या वेळेला मी फार मोठं काही ठरवलंच नाही. त्या वसतिगृहात अधीक्षिकेला एक खोली देतात. तिथं आतून कडी लावून झोपायचं. रात्री कुणी हाक मारणार नाही. एवढंच.

(आतून काठी टेकल्याचा आवाज. त्यांचे वडील, ज्ञानूआबा, दाराशी येतात.)

ज्ञानूआबा : ती जानार हाय. तू जा रं तुज्या घरला, मोनालीकडं बघ.

करुणा : आबा, तुम्ही पडून राहा.

ज्ञानूआबा : ऐक. वस्तीतल्या म्हस्कूकडनं बाजंपासनं संडासापतुर दोरी बांधून घेतलीया. तिला धरून म्या जातो, येतो.

करुणा : ती दोरी कपडे वाळत घालायला म्हणाला होतात.

ज्ञानूआबा : खरं सांगितलं असतं तर तू बांधू दिली नसतीस. शेजारची सरुबाई दोन टायमाची भाकरी द्यायला तयार हाय. च्या माजा मी करतो. तू झालीस तवा दीक्षा घिऊन वरीस झालं नव्हतं. म्हातारी म्हनली, ठकी नाव ठिवा. म्या म्हनलं, न्हाय, करुणा. नव्या धम्मातलं घरातलं पयलं लेकरू. ही शिकंल, हितनं भाईर जाईल. सगळ्या वस्तीला सांगत फिरलो व्हतो म्या. आन् मीच धरून बसलो तिला.

सुमित : आबा, असं काय बोलताय.

करुणा : आबा, हात टॉवेलात का गुंडाळलाय?

ज्ञानूआबा : काय न्हाय. गार लागतंय.

करुणा : दाखवा.

ज्ञानूआबा : उगं राहा, पोरी.

करुणा : सोडा टॉवेल. सुमित, बघ. सगळी बोटं भाजलीत. कधी झालं हे?

ज्ञानूआबा : मगाशी तू सरुबाईकडं गेलीस तवा. म्हनलं, करून बघावा च्या. स्टो पेटला बी बरुबर. पातेलं धराया गेलो, तर हात जाळावर गेला. पयल्यांदाच झालं. सवय झाली की व्हनार न्हाय.

सुमित : ताई, आता तूच बघ. अशात त्यांना एकटं कसं सोडणार?

करुणा : तू सोडायला सांगतच नव्हतास. आठ दिवस रजा घेशील? इथं राहशील? मी हजर तरी होऊन येते. मग पुढचं बघू.

सुमित : मोनालीला काही झालं तर, ताई?

करुणा : काही होऊ नये. निघ तू. अंधार पडायच्या आत पोच.

सुमित : केक?

करुणा : मोनालीला ने. तिला खावंसं वाटत असेल.

ज्ञानूआबा : गेला का गं?

करुणा : वळला रस्त्याला. बसा इथं. कोरफड आणते.

ज्ञानूआबा : तू जा सोलापूरला. म्या शपथ घालतो.

करुणा : नका घालू. मोडावी लागेल.

ज्ञानूआबा : मग आता काय ठरवलंस?

करुणा : उद्या अंगणवाडीत जाईन. राजीनामा अजून दिला नव्हता, बरं झालं. पुढचं पन्नाशीला ठरवू.

ज्ञानूआबा : आन् पन्नाशीपतुर मी जगलो तर?

करुणा : असं बोलू नये, आबा.

ज्ञानूआबा : तुज्या मनात येत न्हाय व्हय?

करुणा : येतं. कधीकधी येतं. हात पुढं करा, झोंबेल थोडं.