ताईच्या चाचणीत माझी लुडबुड

हसा लेको, पण परवा अण्णा नगरला चाचणी होती ताईची आणि नापास झालो मी.

ताई माझ्याहून मोठी, पण समज लहान मुलीची. आई गेल्यापासून मी गिंडीला कामावर गेलो की ती घरी एकटीच असते. म्हणून तिला खास शाळेत घालायचं होतं, आणि तिथे आधी चाचणी घेतात. आम्ही राहतो तमिळ मुलखात, पण ताईला तमिळ येत नाही, तेव्हा चाचणी घेणाऱ्या मॅडमनी मला शेजारी बसवलं. इकडे धाकट्या भावाला तंबी म्हणतात, तसं मलाही म्हणाल्या,

"तंबी, मी विचारेन ते फक्त मराठीत सांगायचं. खाणाखुणा केल्यास तर मार्क नाही."

पहिला प्रश्न, तहान लागली तर काय करशील? ताई माझ्याकडे बघायला लागली. माझा हात आपोआप तोंडाकडे गेला.

"तंबी!" मॅडम ओरडल्या. मार्क गेला.

मग त्यांनी विचारलं, जवळचं माणूस रडायला लागलं तर काय करशील? ते मराठीत सांगता सांगता मलाच हुंदका फुटला. थांबेचना. ताई उठली, मॅडमच्या साडीचा पदर ओढून तिने माझं नाक खसाखसा पुसलं आणि म्हणाली, "गप रे. आई येईल हं आत्ता."

मॅडमनी पदर सोडवून घेतला. "उत्तर बरोबर आहे. पण मार्क नाही. तू खूण केलीस."

"अहो मॅडम, मी खरंच रडत होतो!"

"खरी असली तरी खूणच. सोमवारी परत या. सोबत न रडणारं कुणीतरी आण."

मी म्हटलं, "मॅडम, आमच्या घरात न रडणारी ही एकटीच उरलीय."