एकट्यानं केलेली तीन सोंगं

गावच्या रेशन सोसायटीच्या चेअरमननी माझ्याशी बोलणं टाकलं ते कशापायी, सांगतो. दुष्काळात आमच्या नाटकातले दोघं ऐन जत्रेत खडी फोडायच्या कामावर गेले. म्या म्हणलं, "नाटक थांबायचं न्हाय. तिन्ही सोंगं म्याच करतो."

टोपी घातली की प्रधान, फेटा बांधला की राजा, घोंगडी घेतली की चोर. लई झ्याक चाललं होतं.

टोपीत ओरडलो, "महाराज, ह्यानं कोठारातली ज्वारी चोरली!"

घोंगडीत रडलो, "चुकलं, महाराज!"

फटके मारायला चौथा माणूस कुठून आणू? फेटा बांधून माफी देऊन टाकली.

पुढच्या रांगेत फेटा बांधून बसलेल्या चेअरमननी एकट्यानंच टाळ्या वाजवल्या. तशी मागनं धोंडाआजी कडाडली, "चेअरमन, शिका काहीतरी! ह्यो चोर हुताना फेटा तरी काढून ठेवतो!"