रापणीतला वाटा

कुडाळची गाडी अजून लागली नव्हती. मालवणच्या एसटी स्टँडवर रांगेत दुर्गाबाईंच्या पुढे एका रापणीचा, म्हणजे अनेकांनी मिळून किनाऱ्यावरून ओढायच्या लांबलचक जाळ्याचा, मालक धोंडू आणि त्याचं कराचं काम बघणारे वकील बोलत होते. बाईंचा कान आपसूक तिकडे वळला.

"धोंडूशेठ, मासळीचे सगळे पैसे तुमचंच उत्पन्न म्हणून का दाखवलेत? कर उगाच वाढतो."

"रापण माझी, सायबानू!"

"पण ओढणाऱ्यांचे वाटे त्यांचे ना?"

"ते वजा करा. सावित्रीचो वाटो मात्र माझ्या नावार ऱ्हवांदे. ती खंय ओढूक येता?"

"मग तिला वाटा कशाचा?"

"तिचो घोव गेलो, म्हणान मदत करतंय. तसा तेचा जाळा आमच्या रापणीक जोडलेला आसा."

"नवऱ्याचं जाळं अजून वापरात आहे?"

"आसा तर! त्याच्याशिवाय रापण पुरी पडाची नाय."

"म्हणजे ही मदत नव्हे. मदत असती तर वजा झाली नसती. हे तिच्या जाळ्याचं, तिचंच उत्पन्न. एवढ्याशा कमाईवर तिला कर बसणार नाही, आणि तुमचाही कमी होईल."

"बरा झाला! लिवा तसा."

"लिहितो. वाटा जाळ्याचा म्हणून मिळाला, अशी तिची सही तेवढी आणा."

"सही? म्हणजे तिका ह्या सगळा सांगूक व्हया?"

"अर्थात."

"दर नारळी पुनवेक ती माझ्या पायां पडता, सायबानू..."

"मग?"

"मगे कर वाढलो तरी चलात. माझ्याच नावार ऱ्हवांदे."

गाडी लागली, रांग हलली. दुर्गाबाईंनी पुढे सरकून धोंडूलाच विचारलं,

"भावानू, ह्या सावित्रीचा घर खंयसर इला?"