मावशीचा डावा पाय

मला वाटलं होतं, विचारतील, "समाजासाठी काय करणार?" आठ दिवस आरशासमोर उत्तर घोकलं हो मी! सेवा, समता, आपली माणसं, सगळं क्रमानं... आणि त्यांनी पहिलं विचारलं काय? "बूट चावतायत का?" आता बोला!

तुम्हाला सांगते, पायांच्या डॉक्टरांचं कॉलेज, प्रवेशाची मुलाखत, समोर तिघं बसलेले, तिघंही पायांचे डॉक्टर, आणि मी गेले कुणाचे बूट घालून? आयडेला मावशीचे! टोकदार, उंच टाचांचे, लग्नाला आणि मयताला घालायचे. "बॉस्टनला चार वर्षं शिकलीस, आणि मुलाखतीला काय रबरी बूट घालून जाणार? नाक कापशील आमचं!" इति मावशी. नाक वाचलं, पण टाचा सोलून निघाल्या. मावशीचा नंबर सहा, माझा आठ! आणि टेबलाखाली बघते तर काय... तिघांच्याही पायांत रबरी बूट!

मग मधल्या बाई, डॉक्टर हॅस्क्यू, चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "पायच का?"

हा प्रश्न! बॉस्टन सोडून गावी आले तेव्हापासून हाच. बाबा म्हणाले, "हृदय घे, मेंदू घे, पायच का?" आपले पाद्री एल्डर टॉलिव्हर, चर्चच्या दारात, तो खर्जातला आवाज लावून, "पोरी... देवानं वरच्या अंगाला एवढं काय काय दिलंय... पायच का?" आणि मावशी? "दातांची तरी हो गं, चारचौघांत दिसतात तरी!"

म्हणून बाईंनी विचारल्याबरोबर सुटलेच मी! आमच्या अलाबामाच्या टेकड्यांत पायांचा डॉक्टर नव्वद मैलांवर आहे, साखरेच्या आजारात पायाला जखम होते ती कळत नाही, कळते तोवर बोट जातं, मग पाऊल जातं, मग गुडघ्याखाली सगळंच! आणि आमच्या चर्चमध्ये वर्षातून एका रविवारी आम्ही एकमेकींचे पाय धुतो, कमरेला टॉवेल, समोर पाण्याचं घमेलं, गुडघ्यांवर बसून... माझे तर डोळेच भरून आले हो!

"सुंदर," बाई म्हणाल्या. "किती जणींचे पाय धुतलेत?"

"बारा वर्षांत... तीस-चाळीस तरी."

"त्यांत जखमा किती जणींना होत्या?"

एकीलाही नाही! कशी असेल? तुम्हीच सांगा, पाय धुण्याच्या रविवारी आपल्यातली एक तरी बाई घरून पाय न धुता येते का? शनिवारीच घासूनपुसून, नखं रंगवून तयार! दुखरा असेल तो पाय मोज्यात, बरा असेल तो घमेल्यात. मावशी पाच वर्षं उजवाच पुढे करतेय. "डावा राहू दे गं, त्याला सर्दी झालीय." पायाला सर्दी! आणि मी, एवढी शिकलेली, उजवा धुते, पुसते, आमेन म्हणते आणि उठते!

हे सगळं मी त्यांना सांगून बसले. भोळी ती भोळीच!

"मावशींना साखर आहे?"

"आहे."

"डावा पाय बघितलाय कधी?"

"...नाही."

"मग तुम्ही डॉक्टर कुणाच्या होणार? धुतलेल्या पायांच्या?" आणि मग एकदम मऊ आवाजात, "बूट काढा बघू. मघापासून लंगडताय."

आठ दिवसांचं पाठांतर होतं ना? त्यातला एक शब्द आठवेल तर शपथ! तोंडातून काय निघालं, सांगू? "आधी धुऊन येते!"

हसले असते तर बरं वाटलं असतं. कुणी हसलं नाही. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं... "दोन आठवड्यांत पत्र येईल." बस. पायच का, हे मलाच कळेनासं झालं होतं!

आज सकाळी उठले, मावशीचे बूट हातात घेतले आणि अनवाणीच इथे तिच्या घरी आले. ती दारातच, खुर्चीत. "काय गं, झालीस डॉक्टर?" मी पायरीवर बसले आणि पाय तिच्या मांडीवर ठेवला. धुळीचा, फुटलेल्या फोडाचा, तसाच्या तसा.

"अगं बाई! ही काय दशा! कुणाला दाखवलास का? असं झाकून ठेवतात होय? अक्कल कुठे गहाण टाकलीस?"

मी तिच्या डाव्या मोज्याकडे बघितलं. मग तिचा हात गेला मोज्याकडे, मोजा खाली आला, घोट्याशी आला... आणि थांबला.

"उद्या दाखवते. आज धुतला नाहीये गं."

"तसाच दाखव, मावशी."

"एवढी मी सगळी समोर बसलेय... पायच का बघायचाय तुला?"

झालं! म्हणून ठरवलंय मी. पत्र येवो न येवो, तो न धुतलेला डावा पाय बघितल्याशिवाय या पायरीवरून हलायचं नाही! केवढा निर्धार, नाही? कसला निर्धार घेऊन बसलात! मावशीनं माझा पाय स्वतः धुतला, मलम लावलं, आणि पट्टी अशी करकचून बांधलीय की... उठायचं म्हटलं तरी टेकवतंय कुणाला!